हात आणि डोकं : वर्ध्याचा एक जुना धडा

हुशार कोणाला म्हणायचं? आपल्या हॉस्टेलमध्ये याचं उत्तर ठरलेलं आहे. एम-थ्री पहिल्या झटक्यात काढला तो हुशार, आणि कूलरची मोटर उघडून परत चालू केली तो ‘जुगाडू’. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेल्या पोट्ट्यांना आपण लेथवर पुढे करतो, पण ग्रुपमध्ये ‘टॉपर’ म्हणून त्यांचं नाव घेत नाही. म्हणजे बुद्धी एका खोलीत आणि कौशल्य दुसऱ्या खोलीत! मित्रांनो, ही वाटणी खरी आहे का, ते या लेखात बघू. उदाहरणासाठी जिल्ह्याबाहेर जायचीही गरज नाही.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि डिसेंबरमध्ये तिचा अहवाल आला. यालाच आपण वर्धा योजना किंवा नयी तालीम म्हणतो. ७ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा, त्यातले ३ तास २० मिनिटं उद्योगाला! मी शिकलो त्या कॉन्व्हेंटमध्ये कार्यानुभवाला आठवड्यातून एक तास होता, आणि परीक्षा जवळ आली की तोही गणिताला जायचा. त्यामुळे हा आकडा वाचून मी थक्क झालो.

पण एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. मुलांनी नुसतं सूत काढावं, असं गांधीजींचं म्हणणं नव्हतं. प्रत्येक क्रियेमागचं ‘का’ मुलाला कळलं पाहिजे, ही त्यांची अट होती. टकळी फिरवताना कापूस कुठे पिकतो हा भूगोल, सूत मोजताना गणित, पीळ का बसतो हे विज्ञान. यावर त्याच परिषदेत प्रा. के. टी. शाह यांनी विरोधही केला. मुलांच्या मालावर शाळा चालवली तर ती खऱ्या कारागिरांशीच स्पर्धा होईल, असा त्यांचा मुद्दा होता. तो मला आजही वजनदार वाटतो.

आता आपल्या विषयाकडे येऊ. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी बघा, अगदी डिझाईनच्या पेपरसारख्या आहेत : किंमत १५० रुपयांच्या आत, झोपडीत चालेल असा हलका, ८ तासांत १२ ते २० नंबरचं १६,००० यार्ड सूत, २० वर्षं टिकाऊ, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांच्या आत.

हिशेब करू. ८ तासांत १६,००० यार्ड म्हणजे तासाला २,००० यार्ड, मिनिटाला ३३.३ यार्ड, म्हणजेच १,२०० इंच. १६ नंबरच्या सुताला इंचाला साधारण १६ पीळ लागतात. मग एकच चाती असेल तर ती मिनिटाला १,२०० × १६ = १९,२०० वेळा फिरली पाहिजे. हाताने चालणाऱ्या यंत्रात हे जमणं कठीण. म्हणून चात्या वाढवाव्या लागणार. हे काम डोक्याचं झालं, वहीत पाच मिनिटांत होतं.

पण चात्या वाढल्या की खरी अडचण सुरू होते. साध्या चरख्यावर पेळूतून तंतू किती ओढायचा आणि तुटायच्या आधी कुठे थांबायचं, हे बोटांना कळत असतं. चार चात्या असतील तर चार हात कुठून आणणार? बोटांचं काम आधी बारकाईने समजून घेतल्याशिवाय ते यंत्राला देता येत नाही. ते १ लाखाचं बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पुढे तामिळनाडूच्या एकांबरनाथ यांनी अंबर चरखा बनवला आणि १९५० च्या दशकात तो देशभर पसरला. त्यात तंतू ओढायचं काम बोटांऐवजी रूळ करतात. माझ्या मते बुद्धी आणि कौशल्य यांचं नातं इथे स्पष्ट दिसतं. हाताला जे कळतं त्याला डोकं नियम देतं, आणि डोक्याने काढलेला आकडा खरा की खोटा हे हात सांगतो.

दोन्हींपैकी एक सुटलं की काय होतं, तेही बघायला मिळालं. बऱ्याच बुनियादी शाळांत पुढे सूतकताई उरली आणि ‘का’ गळून पडला. मग तो निव्वळ तासभराचा विधी झाला. आपलं उलट झालंय. आपल्याकडे ‘का’ पाठ आहे, पण फिटिंगचा जॉब सिनियरचा आणि जर्नल मित्राचं. दोन्हीकडे शिक्षण अर्धंच. सेवाग्रामला २००५ पासून आनंद निकेतन शाळेने नयी तालीम पुन्हा सुरू केली आहे. तिथली मुलं शेतीत आणि स्वयंपाकघरातही शिकतात.

तर माझ्या साध्या सूचना. एक, वर्कशॉपच्या ग्रुपमध्ये डिप्लोमावाला आणि बारावीवाला जोडीने बसावा. एकाने काम दाखवावं, दुसऱ्याने हिशेब, आणि पुढच्या टर्नला अदलाबदल. दोन, व्हायवात ‘सूत्र सांग’ याबरोबर ‘करून दाखव’ हेही सरांनी विचारावं. तीन, एखाद्या रविवारी वर्ध्याच्या मगन संग्रहालयात जाऊन यावं. १९३८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात नाना तऱ्हेचे चरखे आहेत. जाताना खिशात वही आणि पेन असू द्या. कोणत्या चरख्याची चाती एका फेऱ्यात किती वेळा फिरते, ते स्वतः मोजून काढा.