विद्युत-उपचार : वेदनाशमन आणि स्नायूंचे पुनर्वसन

शारीरिक कष्ट करून पोट भरणाऱ्या माणसाचे शरीर हेच त्याचे भांडवल असते. मार्केट यार्डातील हमाल असो, बांधकामावरील बिगारी असो, चार घरची धुणीभांडी करणारी भगिनी असो की दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसणारा कारागीर असो, कंबर धरली किंवा गुडघा बोलू लागला की त्या घराची मिळकतच अडचणीत येते. अशा वेळी शेजारीपाजारी हमखास एक सल्ला देतात, "करंट घेऊन बघा." हा 'करंट' म्हणजे नेमके काय, तो शरीरात काय करतो आणि काय करू शकत नाही, याची साध्या भाषेत माहिती आमच्या सभासदांना व विद्यार्थ्यांना व्हावी, या हेतूने सदर लेख लिहीत आहोत.

थोडा इतिहास

विजेने वेदना कमी करण्याची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्याने डोकेदुखी व सांधेदुखीवर विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशाचा उपयोग नोंदवून ठेवला आहे. वीज म्हणजे काय, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. पुढे १७९१ मध्ये इटलीच्या गॅल्व्हानीने बेडकाच्या पायावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि स्नायू व वीज यांचे नाते जगापुढे आले. १८५५ मध्ये ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरने त्वचेवरून वीज देऊन एकेक स्नायू वेगळा कसा हलवता येतो, यावर ग्रंथ लिहिला.

आपल्या राज्यात या शास्त्राची पद्धतशीर सुरुवात झाली ती पोलिओमुळे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओची साथ आली. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने के.ई.एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे, म्हणजे फिजिओथेरपीचे, शिक्षण सुरू झाले. आज पोलिओ देशातून गेला आहे. २०११ च्या जानेवारीनंतर भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही. परंतु अर्धांगवायू, अपघात, मधुमेह आणि सांध्यांची झीज यांमुळे भौतिकोपचाराची गरज मात्र कमी झालेली नाही.

वेदना कशी कमी होते?

भौतिकोपचाराच्या दवाखान्यात दोन यंत्रे नेहमी दिसतात. एक 'टेन्स' आणि दुसरे 'आय.एफ.टी.' टेन्स हे खिशात मावेल एवढे, बॅटरीवर चालणारेही मिळते. त्याला दोन किंवा चार चिकट पट्ट्या असतात. त्या दुखऱ्या भागाजवळ त्वचेवर लावल्या की मुंग्या आल्यासारखे वाटते.

याचे शास्त्र समजण्यासाठी रोजचे एक उदाहरण घेऊ. उंबरठ्याला अंगठा ठेचला की आपण तो लगेच हाताने चोळतो, आणि चोळल्याने बरे वाटते. असे का होते, याचे स्पष्टीकरण १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मांडले. वेदनेचा संदेश बारीक मज्जातंतूंतून सावकाश जातो, तर स्पर्शाचा संदेश जाड मज्जातंतूंतून वेगाने जातो. हे दोन्ही संदेश मज्जारज्जूत पोहोचतात, तेथे जणू एक दरवाजा असतो. स्पर्शाच्या संदेशांची गर्दी झाली की वेदनेच्या संदेशासाठी तो दरवाजा काही अंशी बंद होतो. टेन्स यंत्र हेच काम करते. ते त्वचेखालील स्पर्शाच्या तंतूंना सारखे जागे ठेवते.

विद्यार्थ्यांसाठी येथे एक छोटे गणित देतो. टेन्समध्ये साधारणतः सेकंदाला ८० ते १०० लहरी दिल्या जातात, आणि प्रत्येक लहर ५० ते २०० मायक्रोसेकंद टिकते. समजा, सेकंदाला १०० लहरी आणि प्रत्येक लहर २०० मायक्रोसेकंदांची आहे. १०० गुणिले २०० म्हणजे २०,००० मायक्रोसेकंद, अर्थात सेकंदाचा पन्नासावा भाग. उरलेला सर्व वेळ वीज बंदच असते. घरातील २३० व्होल्टची वीज आणि ही मोजूनमापून दिलेली लहर यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. म्हणून घरच्या विजेवर स्वतः काही जोडून पाहण्याचा प्रयोग कोणीही, कधीही करू नये.

सेकंदाला २ ते ४ अशा संथ लहरी जरा जोराने दिल्यास शरीरातील स्वतःची वेदनाशामक रसायने स्रवतात, असेही आढळले आहे. आय.एफ.टी. यंत्रात दोन वेगवेगळे प्रवाह, उदा. सेकंदाला ४,००० आणि ४,१०० आवर्तनांचे, एकमेकांना छेदतील असे सोडतात. त्यांच्या फरकातून १०० आवर्तनांचा परिणाम शरीरात निर्माण होतो. अशा जलद प्रवाहाला त्वचेचा विरोध कमी असल्याने तो रुग्णाला कमी टोचतो.

स्नायू कसा जागा होतो?

आतापर्यंत वेदनेचा विचार केला. आता स्नायूकडे वळू. स्नायूसाठी वीज द्यायची तर प्रथम एक प्रश्न विचारावा लागतो : त्या स्नायूला जाणारा मज्जातंतू शाबूत आहे काय?

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा बरेच दिवस प्लास्टर राहिल्यानंतर मांडीचा पुढचा स्नायू सुकतो. त्याचा मज्जातंतू मात्र ठीक असतो. अशा वेळी सेकंदाला २० ते ५० लहरी देऊन स्नायू आकुंचित करता येतो. परंतु विजेने हलवलेला स्नायू नेहमीपेक्षा लवकर थकतो, कारण त्यातील तेच ते तंतू एकदम आणि पुन्हा पुन्हा कामाला लावले जातात. आपण स्वतः हालचाल करतो तेव्हा ते आळीपाळीने काम करतात. म्हणून १० सेकंद आकुंचन आणि ३० ते ५० सेकंद विश्रांती अशा प्रकारे उपचार देतात.

मज्जातंतूच तुटला असेल तर गोष्ट निराळी. मग स्नायूला सरळ उद्दीपित करावे लागते, आणि त्यासाठी १०० मिलिसेकंदांसारखी लांब लहर लागते. वरील उदाहरणातील लहरीच्या ती ५०० पट लांब झाली! तुटलेला तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला सुमारे १ मिलिमीटर. यंत्राने हा वेग मनासारखा वाढवता येत नाही. कोणी "दहा बैठकांत नस जोडून देतो" असे सांगत असेल तर ते खरे मानू नये.

अर्धांगवायूत मेंदूला इजा होते, पण पायापर्यंतचे मज्जातंतू शाबूत असतात. अशा रुग्णाचे पाऊल पुढे टाकताना लोंबते आणि ठेच लागते. १९६१ मध्ये लिबरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक युक्ती प्रसिद्ध केली. टाच उचलली की बुटातील बटण सुटते, गुडघ्याखालील मज्जातंतूला लहर मिळते आणि पाऊल वर उचलले जाते. याच तत्त्वावरील उपकरणे आजही वापरात आहेत. यातील महत्त्वाचा भाग हा की, यंत्र पाऊल उचलते त्याच क्षणी रुग्णाने स्वतःही ते उचलण्याचा मनापासून प्रयत्न करावयाचा असतो. नुसते पडून करंट घेणे आणि करंटबरोबर प्रयत्न करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुण्यातील धडा

पुनर्वसन म्हणजे काय, हे पाहण्यासाठी पुणेकरांना दूर जाण्याची गरज नाही. १९४४ पासून येथे सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र आहे, तर खडकीला १९७४ पासून मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथील मुरलीकांत पेटकर यांचे नाव तर सर्वांच्या परिचयाचे आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औषध, शस्त्रक्रिया, यंत्र ही सर्व साधने आवश्यक आहेत; पण बाहूत बळ येते ते रोज घाम गाळल्यानेच, हे या उदाहरणावरून दिसते.

यंत्राची मर्यादा

टेन्सचा उपयोग होतो की नाही, याबद्दल तज्ज्ञांत बराच काळ वाद आहे. २०२२ मध्ये ३८१ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्र चालू असताना किंवा बंद केल्यावर लगेच वेदनेची तीव्रता कमी होते, आणि गंभीर अपाय दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. उलट ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी आणि २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी ही यंत्रे देऊ नयेत असे सांगितले, आणि व्यायामावर भर दिला. वरवर पाहता हा विरोध वाटतो. आमच्या मते दोन्हींचा मेळ असा बसतो : यंत्राने मिळणारा आराम तात्पुरता आहे, तो आजार बरा करीत नाही. यंत्र अर्धा तास वेदना कमी करते. त्या अर्ध्या तासात गुडघा वाकवला, मांडीचे व्यायाम केले, चार पावले चाललो तर उपयोग. त्या अर्ध्या तासात पुन्हा तीच गोणी उचलली तर नुकसान.

आज वस्त्यावस्त्यांत मोफत शिबिरे भरतात. आठवडाभर फुकट यंत्रावर बसवतात आणि शेवटी हप्त्याने विकतात. मधुमेह जाईल, चरबी वितळेल, झिजलेला गुडघा भरून येईल, अशी आश्वासने दिली जातात. ज्या घरात मुलाची फी भरायची असते, त्या घरातील हजारो रुपये अशा पेटीत अडकतात. पट्टा बांधून पोट कमी होत नाही आणि झिजलेली कूर्चा विजेने परत उगवत नाही, हे स्पष्टपणे सांगणे आम्हास आवश्यक वाटते.

याहून मोठा धोका म्हणजे वेळ वाया जाण्याचा. समजा, एका भगिनीची पाठ दोन महिने दुखते आहे, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरते आहे. हा मणक्याचा क्षयरोग असू शकतो. औषधाने तो बरा होतो, पण यंत्र लावून दुखणे दाबत राहिले तर पाय लुळे पडेपर्यंत कळणार नाही. पाठदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अचानक तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली, तर १०८ ला फोन करून तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. केवळ चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली असे वाटले तरी ते डॉक्टरांनीच ठरवावे. त्यावरील औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्यास अधिक गुण येतो. करंटचा विचार नंतर.

कोणी घेऊ नये?

हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हे यंत्र लावू नये. गरोदर स्त्रीच्या पोटावर व कंबरेवर, गळ्याच्या पुढील भागावर, छातीवर आरपार, जखमेवर, कर्करोगाच्या गाठीवर, तसेच पायात रक्ताची गुठळी असल्याचा संशय असेल तेथे पट्ट्या लावू नयेत. फिट येणाऱ्यांनी आधी विचारावे. मधुमेह किंवा कुष्ठरोगामुळे पाय बधिर झालेल्यांनी विशेष सावध राहावे. मुंग्या जाणवत नाहीत म्हणून असा रुग्ण बटण वाढवत जातो आणि कातडी भाजते, तरी त्याला कळत नाही.

वापरणाऱ्यांसाठी सूचना

पुण्यात ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात आणि भौतिकोपचार महाविद्यालयांशी संलग्न दवाखान्यांत तपासणी करून घेता येते. तेथे तीन प्रश्न जरूर विचारावेत : माझ्या दुखण्याचे कारण काय? हे यंत्र कशासाठी, वेदनेसाठी की स्नायूसाठी? आणि घरी मी कोणता व्यायाम करायचा? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय उठू नये.

यंत्र विकत घ्यायचेच असेल तर आधी काही दिवस दवाखान्यात वापरून फरक पडतो का ते पाहावे. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. म्हणून उत्पादकाचे नाव व परवाना क्रमांक पाहून आणि पक्की पावती घेऊनच खरेदी करावी. पट्टी लावताना व काढताना यंत्र बंद असावे, त्वचा स्वच्छ व कोरडी असावी. झोपेत, गाडी चालवताना किंवा पाण्याजवळ ते लावू नये.

आमच्या विद्यार्थी मित्रांना शेवटी एवढेच सांगणे आहे की, बारावीला विज्ञान घेणाऱ्यांनी केवळ डॉक्टर किंवा इंजिनियर या दोनच वाटा पाहू नयेत. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने भौतिकोपचार तज्ज्ञांच्या व्यवसायाला देशपातळीवर मान्यता व शिस्त दिली आहे. आपल्या वस्तीतील एखादा मुलगा किंवा मुलगी हे शिक्षण घेऊन परत आली, तर हमालाची कंबर आणि आजीचा गुडघा तिच्या हातून सुधारेल, आणि खोट्या पेट्या विकणाऱ्यांना वस्तीत गिऱ्हाईक उरणार नाही. तोपर्यंत प्रत्येक सभासदाने निदान एवढे करावे : ज्या शेजाऱ्याला आपण "करंट घ्या" म्हणून सांगतो, त्याला त्याच तोंडाने "आधी तपासून घ्या आणि व्यायाम सोडू नका" हेही सांगावे.