काटा हलला नाही म्हणून रडू नकोस

अगं, तुझा निरोप वाचला. हात काड्यांसारखे आणि पोट मात्र सुटलेलं, मग आधी वजन उतरवू की आधी अंगात ताकद आणू, असं विचारलंयस. दोन्ही एकदमच कर. जिनं आजवर वजन उचलायचा व्यायाम कधी केला नाही आणि जिच्या पोटावर साठा आहे, तिला हे जमतं. नारायणगावच्या जिममध्ये वर्षानुवर्षं घाम गाळून पिळदार झालेल्या पोराला दोन्ही एका वेळी फार सावकाश मिळतं, त्यानं एक धरावं, एक सोडावं. तुझं तसं नाही.

आणि या सुटलेल्या पोटात स्वतःचा आळस शोधत बसू नकोस. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव लक्षात ठेव. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, चरबी मात्र बरीचशी टिकलेली. म्हणजे ही ठेवण आपण जन्मतःच घेऊन येतो आणि तीच पुढे मधुमेहाला वाट करून देते. म्हणून मला नुसतं "वजन कमी कर" म्हणणाऱ्यांचा राग येतो. उपाशी राहून पाच किलो उतरवलेस तर त्यात स्नायूही जातील, आणि ते तर आधीच कमी आहेत.

तू म्हणशील, ताई, मी दिवसभर खुरपते, टोमॅटो तोडते, आणखी कसला व्यायाम? त्या कामानं दम वाढतो, कंबर मोडते, पण स्नायू वाढत नाही, कारण ओझं रोज तेवढंच राहतं. स्नायूला दर थोड्या दिवसांनी आधीपेक्षा जास्त मागावं लागतं. आपल्याकडच्या तालमीतल्या पोरांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. जत्रेच्या कुस्तीआधी त्यांच्या बैठका वाढतच जातात. तूही आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-पाऊण तास काढ. बैठका काढ. ओट्याला हात टेकून दंड मार, जमले की पायरीवर, मग जमिनीवर. पाच लिटरचा कॅन पाण्यानं भरला की पाच किलो होतो. कमरेत वाकून, पाठ सरळ ठेवून तो पोटाकडे ओढ. दोन्ही हातांत दोन कॅन घेऊन अंगणात चाल. दहा-बारा वेळा करताना शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सहज व्हायला लागले की वजन वाढव. पुरुषासारखं अंग होईल ही भीती काढून टाक, बाईच्या अंगात त्यासाठी लागणारं संप्रेरक फार थोडं असतं.

हे घरातच कर. पहाटे अंधारात उसाच्या कडेनं एकटी चालायला जाऊ नकोस. जुन्नर-आंबेगावात बिबट्या कुठे बसलेला असेल ते सांगता येत नाही, आणि चरबी उतरायला पहाटच लागते असं काही नाही.

आता खाण्याचं, आणि इथे मी तुझ्यावर खरंच रागावणार आहे. तू सगळ्यांना वाढून मग बसतेस. तोवर पातेल्यात वरणाचं वरचं पाणी उरलेलं असतं. अशानं हात भरणार कुठून? आधी स्वतःच्या ताटात घट्ट वरण वाढून घे. कुणी काही बोललं तर माझं नाव सांग.

साध्या तब्येतीला वजनाच्या किलोमागे पाऊण-एक ग्रॅम प्रथिनं पुरतात. स्नायू बांधायचे तर दीड ग्रॅमच्या आसपास हवीत. तुझ्या साठ किलोला रोज ऐंशी-नव्वद ग्रॅम. ऐकायला अवघड वाटतं, पण दोन अंड्यांत बारा, अर्धा लिटर दूध-दह्यात सोळा, पन्नास ग्रॅम सोयाबीन वडीत पंचवीस, वर मोड आलेली मटकी, वरण आणि बाजरीची भाकरी. मासवडी कर, बेसन उत्तमच, फक्त सारणातलं खोबरं आणि तेल हात राखून घाल. प्रोटीन पावडर विकत घ्यायची घाई नको. आपल्या मंचरला चीज बनतं, त्याच्या उरलेल्या पाण्यातून ती पावडर निघते. शेवटी ते दुधाचंच प्रोटीन, आणि दूध तुझ्या गोठ्यात आहे. संकष्टीला ओझरच्या गणपतीला जातेस, जरूर जा, पण दिवसभर नुसता साबुदाणा नको. त्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. दही, दूध, राजगिरा घे.

कमी काय करायचं? भाकरी नाही. दिवसाला पाच कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे दोनशेच्या जवळपास कॅलरी. साखर निम्मी कर, फरसाण घरात आणू नकोस, तेल मोजून घाल. एवढी कपात पुरे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१६ साली तरुण पुरुषांचं जेवण चार आठवडे बरंच कमी करून भरपूर व्यायाम करून घेतला. ज्यांना जास्त प्रथिनं दिली त्यांची पावणेपाच किलोच्या आसपास चरबी गेली आणि सव्वा किलोच्या जवळपास स्नायूंचं वजन वाढलं. पण ते संशोधकांच्या नजरेखाली होते आणि त्यांना शेत, गोठा, चूल नव्हती. तू सावकाश जा. बाळ अंगावर पीत असेल तर कपात अजिबात नको, आधी फक्त प्रथिनं आणि व्यायाम.

पहिले काही आठवडे काटा हलणार नाही, कदाचित किलोभर वरही जाईल. नव्या व्यायामानं स्नायू पाणी धरतात. घाबरून जेवण तोडू नकोस. दर पंधरा दिवसांनी बेंबीवरून टेप लावून लिहून ठेव. आपल्या बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत असावी म्हणतात. कंबर उतरत असेल आणि कॅन हलका वाटत असेल, तर सगळं ठीक चाललंय.

रात्री सीरियल बंद करून सात तास झोप. कमी झोपलीस तर चरबीऐवजी स्नायू जास्त झडतात. आणि सुरुवात करण्याआधी मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड तपासून घे. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नकोस. रिपोर्ट आले की मला फोटो पाठव, आपण दोघी मिळून तुझ्या जेवणाचं ठरवू.