डिझेलची गाडी आणि हिमालयातील हिवाळा

आमच्या गोमंतकात पौष-माघाच्या पहाटे खोबरेल तेलाची बाटली उलटी केली, तरी तिच्यातून थेंब पडत नाही. हे तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसलाच थिजू लागते. डिझेलचा स्वभावही असाच आहे. मात्र ते थिजण्यास याहून पुष्कळ अधिक थंडी लागते.

तशी थंडी लडाखात पडते. सुमारे ३५०० मीटर उंचीवरील लेह येथे आणि द्रासच्या खोऱ्यात हिवाळ्यात पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरू शकतो. अशा प्रदेशात खेडोपाडी भाजीपाला, औषधे व गॅसची सिलिंडरे पोहोचविणारी डिझेलवरील पिकअप गाडी सकाळी सुरू झाली नाही, तर केवळ चालकाचा रोज बुडतो असे नव्हे. एखाद्या घरची चूल आणि एखाद्या रुग्णाचे औषधही अडते.

प्रथम आपण इंजिनाचा विचार करू. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीतील औग्सबुर्ग येथे जे इंजिन यशस्वी करून दाखविले, त्यात पेट्रोलच्या इंजिनाप्रमाणे ठिणगी नसते. दट्ट्या सिलिंडरातील हवा इतकी दाबतो की तिचे तापमान ५०० अंशांच्या वर जाते, आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. परंतु गारठलेले सिलिंडर हीच उष्णता शोषून घेते. त्यातच वंगणाचे तेल दाट होते व बॅटरीची शक्ती घटते. शून्याखाली १८ अंशांना ती निम्म्याच्या आसपास येते. म्हणून ग्लो-प्लग नावाची विजेची कांडी सिलिंडरात बसविलेली असते. किल्ली फिरविल्यावर तिचा दिवा विझेपर्यंत चालकाने धीर धरावयाचा असतो.

दुसरी अडचण खुद्द इंधनात आहे. डिझेलमध्ये पॅराफिन जातीचे मेण विरघळलेले असते. थंडी वाढली की त्याचे सूक्ष्म स्फटिक बनतात व डिझेल गढूळ दिसू लागते. पुढे हे स्फटिक फिल्टरमध्ये अडकतात, आणि अखेरीस टाकीतील डिझेल वाहतच नाही. गाडी सुरू होऊन थोड्याच अंतरावर बंद पडते, ती पुष्कळदा यामुळेच. अनभिज्ञ मनुष्य इंजिनास बोल लावतो. अपराध मात्र मेणाचा असतो.

यावर कित्येक चालक टाकीखाली शेगडी पेटवीत आले. हा उपाय जिवावर बेतणारा आहे. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याची जुनी रीतही आजच्या इंजिनांना मानवत नाही. रॉकेलात वंगणाचा गुण कमी असल्याने उच्च दाबाचा पंप झिजतो. १७ नोव्हेंबर २०१९ रोजी इंडियन ऑईलने पानिपतच्या कारखान्यात तयार झालेले हिवाळी डिझेल लडाखसाठी उपलब्ध केले. ते शून्याखाली ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते.

असे डिझेल न मिळाल्यास मेणाचे स्फटिक वाढू न देणारे रसायन वापरता येते. परंतु ते डिझेल थिजण्यापूर्वीच टाकीत घालावे लागते. एकदा साखळलेले मेण त्याने विरघळत नाही. हीच गोष्ट इतर दक्षतेची. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते व इंजिनाचे ओतीव लोखंडही फोडू शकते. म्हणून रेडिएटरच्या पाण्यात ग्लायकॉल आधीच मिसळलेले असावे. फिल्टरमध्ये साचलेले पाणी वेळीच काढून टाकावे. रात्री टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे आतल्या हवेतील बाष्पाचे पाणी होण्यास वाव राहत नाही.

या सर्व उपायांचा क्रम पाहिला, तर आमच्या मते एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बर्फाळ प्रदेशात गाडी सकाळी सुरू होते, ती आदल्या संध्याकाळच्या तयारीमुळे. निसर्गाचा नियम मोडता येत नाही. तो आधी जाणून घेतला, म्हणजे मात्र त्याच्याशी जुळवून घेता येते.