तो काय घेईल? : शमुवेलाची कसोटी आणि १८०० सालची निवडणूक

शास्त्रवाचन : १ शमुवेल ८:४-२२, ९:१-२



निवडणूक जवळ आली की आपल्या मंडळ्यांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : उमेदवार आपल्यापैकी आहे का? तसा नसेल, तर निदान देवभीरू तरी आहे का? हे प्रश्न अगदीच गैर आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु राजा मागावयास आलेल्या इस्राएल लोकांपुढे शमुवेल संदेष्ट्याने जो विषय मांडला तो निराळा होता, आणि प्रस्तुत पाठात आपल्याला त्याचाच विचार करावयाचा आहे.

लोकांची मागणी साधी होती. इतर राष्ट्रांना राजा आहे, तसा आम्हालाही असावा. तेव्हा देवाच्या आज्ञेवरून शमुवेलाने त्यांना राजाची रीत सांगितली. राजा कोणत्या वंशाचा असेल, भक्तिमान असेल की नाही, याविषयी तो येथे अवाक्षर काढीत नाही. हाती सत्ता आल्यावर राजा काय करील, एवढेच तो सांगतो. तुमचे पुत्र रथांपुढे धावण्यासाठी, तुमच्या कन्या स्वयंपाकासाठी आणि भाकरी भाजण्यासाठी, तुमची उत्तम शेते, द्राक्षमळे, जैतुनाची झाडे, शेवटी तुमचे दास, दासी आणि गाढवेसुद्धा! 'घेणे' या अर्थाचे इब्री क्रियापद 'लाकाख' या उताऱ्यात चार वेळा आले आहे. इब्री वाक्यात क्रियापद बहुधा आधी येते. येथे मात्र घेतली जाणारी गोष्ट आधी येते आणि क्रियापद तिच्या मागून. मराठीची रचना नेमकी अशीच असल्यामुळे हा उतारा आपल्या भाषेत फार चांगला उतरतो. मात्र भाषांतर करताना एक मोह आवरावा लागतो. पुनरुक्ती टाळण्यासाठी एकदा 'घेईल', एकदा 'नेईल', एकदा 'हिरावील' असे लिहावेसे वाटते. तसे केले की भाषा नटते, पण उताऱ्याचा घणाघात नाहीसा होतो. शमुवेलाला तोच एक शब्द त्यांच्या कानावर आदळावयाचा होता.

लोकांनी ऐकले नाही. पुढच्याच अध्यायात आपल्याला शौल भेटतो, आणि त्याच्याविषयी प्रथम काय सांगितले जाते? तो देखणा होता आणि सर्व लोकांहून खांदाभर उंच होता.

ही कसोटी ऐकावयास सोपी आहे. ती प्रत्यक्ष लावू जाता देवभीरू माणसांचीही कशी तारांबळ उडते, हे पाहावयाचे असेल तर अमेरिकेतील १८०० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीइतके बोधप्रद उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. अध्यक्षपदावर असलेले जॉन अॅडम्स पुन्हा उभे होते आणि त्यांच्या विरोधात थॉमस जेफरसन होते. त्या काळी उमेदवार सभा घेत हिंडत नसत. त्यांची धोरणे पत्रांतून, पुस्तकांतून आणि पूर्वीच्या कारकिर्दीवरून जाणून घ्यावी लागत. जेफरसन यांनी जानेवारी १७९९ मध्ये एल्ब्रिज गेरी यांना लिहिलेल्या एका पत्रात आपली मते ओळीने मांडली आहेत : सरकारी खर्चात काटकसर, कर्जफेड, शांततेच्या काळात मोठे खडे सैन्य नको, वृत्तपत्रांना मोकळीक आणि धर्माच्या बाबतीत स्वातंत्र्य.

परंतु पाळकवर्गात चर्चा झाली ती या मतांची नव्हे. न्यूयॉर्कचे विल्यम लिन हे डच रिफॉर्म्ड मंडळीचे नामांकित पाळक. प्रतिनिधिगृहाचे पहिले धर्मगुरू म्हणून त्यांनी सेवा केली होती. त्यांनी १८०० साली पत्रक काढून जेफरसन यांना मत देणे ख्रिस्ती माणसाला शोभणार नाही असे प्रतिपादन केले. जॉन मेसन यांनीही त्याच वर्षी तसाच इशारा दिला. त्यांचा आधार मुख्यतः जेफरसन यांच्या व्हर्जिनियाविषयीच्या पुस्तकातील मजकूर होता. शेजारी अनेक देव मानो वा एकही न मानो, त्याने माझे काही नुकसान होत नाही, अशा आशयाचे विधान त्यात आहे. जेफरसन निवडून आले तर घरोघरची बायबले जप्त होतील अशी आवई उठली, आणि न्यू इंग्लंडमधील काही भाविकांनी ती लपवून ठेवल्याचेही सांगतात. (मुंबईत १८१३ साली सुवार्ता घेऊन आलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे याच न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांतून आले. तेथील पाळकांपैकी बरेच जण जेफरसन यांचे कट्टर विरोधक होते.)

जेफरसन यांच्या श्रद्धेविषयी पाळकांचा संशय निराधार होता का? मुळीच नाही. पुढे १८०४ साली, आणि पुन्हा १८२० च्या सुमारास, त्यांनी शुभवर्तमानांतील चमत्कारांचे आणि पुनरुत्थानाचे उतारे वगळून आपल्याला पटेल तेवढाच भाग कात्रीने कापून वहीत चिकटवला. शास्त्रातील एकेका शब्दाचे वजन करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला ती कात्री पाहून काय वाटत असेल हे वेगळे सांगावयास नको.

असे असूनही बाप्टिस्ट मंडळ्यांचा मोठा ओढा जेफरसन यांच्याकडे होता. पंथाने बाप्टिस्ट हे श्रद्धेच्या बाबतीत लिन यांच्याइतकेच कडवे, किंबहुना अधिकच. मग असे का झाले? कारण त्यांनी शमुवेलाचा प्रश्न विचारला. व्हर्जिनियात १७६० आणि १७७० च्या दशकांत परवान्याशिवाय उपदेश केल्याबद्दल बाप्टिस्ट उपदेशकांना तुरुंगात टाकले गेले होते. त्या राज्यात धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला तो १७८६ साली. त्याचा मसुदा जेफरसन यांचा होता आणि तो संमत करून घेण्याचे श्रम जेम्स मॅडिसन यांचे. उलट मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकट या राज्यांत काँग्रिगेशनल मंडळीच्या पाळकाचा पगार करातून दिला जाई. त्यातून सुटावयाचे तर बाप्टिस्ट माणसाला आपल्या मंडळीचा दाखला द्यावा लागे. याविरुद्ध १७७४ साली आयझॅक बॅकस यांनी फिलाडेल्फियात दाद मागितली, तेव्हा अॅडम्स यांनी ही व्यवस्था अगदीच सौम्य असल्याचे सांगून तिचे समर्थन केले होते. शिवाय त्यांच्याच सहीने १७९८ साली सरकारवरील टीकेला शिक्षा करणारा कायदा झाला होता, आणि मॅथ्यू लायन या काँग्रेस सभासदालाही त्याखाली कारावास घडला होता. उपदेशासाठी तुरुंग पाहिलेल्या समाजाला ही गोष्ट शिकवावी लागली नाही. एक उमेदवार देवभक्त, पण तुमच्या खिशातून दुसऱ्याच्या पाळकाचा पगार घेऊ देणारा. दुसरा संशयवादी, पण तुमच्या प्रार्थनाघराला हात न लावणारा. बाप्टिस्टांनी तोलले ते हे.

त्यांच्या विवेकाचा आणखी एक पैलू मला फार मोलाचा वाटतो. निवडणुकीनंतर कनेक्टिकटमधील डॅनबरी येथील बाप्टिस्ट संघाने ऑक्टोबर १८०१ मध्ये जेफरसन यांना अभिनंदनपर पत्र लिहिले. अध्यक्ष हा काही राष्ट्राचा कायदेकर्ता नव्हे, आणि राज्यांचे कायदे त्याला रद्द करता येत नाहीत, हे त्यांनी त्यातच स्पष्टपणे नमूद केले. म्हणजे आपल्या उमेदवाराचे पद काय करू शकते आणि काय करू शकत नाही, याची त्यांना जाण होती. वस्तुतः कनेक्टिकटमधील ती व्यवस्था १८१८ पर्यंत आणि मॅसॅच्युसेट्समधील १८३३ पर्यंत टिकली. जेफरसन यांनी डॅनबरीच्या पत्राला उत्तर लिहिले ते १ जानेवारी १८०२ रोजी. त्याच दिवशी चेशायर गावचे बाप्टिस्ट उपदेशक जॉन लीलंड १,२३५ पौंड वजनाचे एकच प्रचंड चीज घेऊन त्यांच्या दारी आले होते! गावच्या शेतकऱ्यांची ती भेट होती, आणि ती देताना असे मुद्दाम सांगण्यात आले की हे चीज स्वतंत्र माणसांच्या हातचे असून एकाही गुलामाचे श्रम त्याला लागलेले नाहीत.

वाचकहो, येथे थांबावयास हवे. जेफरसन यांनी जन्मभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. अॅडम्स यांनी एकही नाही. लीलंड यांना गुलामगिरीचे पाप ठाऊक नव्हते असे नाही. व्हर्जिनिया सोडण्यापूर्वी तेथील बाप्टिस्टांच्या सर्वसाधारण समितीपुढे तिचा निषेध करणारा ठराव त्यांनीच मांडला होता. चीजविषयीचे ते वाक्य त्यांच्या मनाला लागलेली टोचणी होती की केवळ चेशायरचा अभिमान, हे मी ठरवू शकत नाही. परंतु शमुवेलाचा प्रश्न व्हर्जिनियातील एखाद्या गुलाम बाईला विचारला असता, तर 'तो काय घेईल' याचे तिचे उत्तर डॅनबरीच्या उत्तरासारखे खचितच आले नसते. तिचे पुत्र, तिच्या कन्या, तिचे श्रम तर आधीच घेतलेले होते, आणि तिला मतही नव्हते. माझ्या मते धर्मस्वातंत्र्यापुरता बाप्टिस्टांचा तराजू खरा होता. परंतु त्या तराजूत सर्व वजने टाकली गेली नव्हती. शमुवेलाने आपल्या यादीत दास आणि दासी यांचा उल्लेख केला आहे, हे त्यांच्याही बायबलात होते.

आपल्या देशात राष्ट्रपतींची निवड संसदेचे आणि विधानसभांचे निर्वाचित सभासद करतात. आपले मत लोकसभेच्या आणि विधानसभेच्या उमेदवारांना जाते. डॅनबरीचा विवेक येथेही हवा. गटाराची तक्रार खासदाराकडे आणि परराष्ट्र धोरणाची नगरसेवकाकडे नेण्यात अर्थ नाही. उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण आणि त्याच्यावरील फौजदारी खटले यांची माहिती देणारे प्रतिज्ञापत्र २००३ पासून मतदाराला पाहावयास मिळते, ते वाचावे. उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्याही धर्माच्या नावाने मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ रोजी दिला आहे. तो खटला मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० सालच्या निवडणुकीतून उद्भवलेला होता. आपल्या उपासनेनंतर व्यासपीठावर येऊ पाहणाऱ्या उमेदवाराच्या बाबतीत पाळकांनी हे ध्यानात ठेवावे.

तरुण संघांना आणि महिला मंडळांना माझी एक सूचना आहे. पक्षांचे जाहीरनामे आणून सर्वांनी मिळून वाचावेत आणि केवळ क्रियापदांखाली रेघा ओढाव्यात. 'देऊ' हे क्रियापद पानोपानी सापडेल. 'घेऊ' सहसा छापलेले नसते; ते हुडकावे लागते. दिलेले आश्वासन कोणाच्या करातून पुरे होणार, धरणासाठी वा कारखान्यासाठी जमीन कोणाची जाणार, नव्या कायद्याने कोणाच्या उपासनेला किंवा लेखणीला परवाना लागणार, हे प्रत्येक 'देऊ'च्या समोर पेन्सिलीने लिहावे. मग वहीत आणखी एक रकाना आखावा : या बैठकीत जो हजर नाही आणि ज्याची बाजू कोणी मांडली नाही, त्याच्याकडून काय घेतले जाईल? ऊसतोडीला गेलेली कुटुंबे, वीटभट्टीवरचे मजूर, दुसऱ्या धर्माचा शेजारी, असे कितीतरी जण या रकान्यात येतील. एका बैठकीस दोनच जाहीरनामे घ्यावेत. अधिक घेतल्यास वाचन नुसते उरकले जाते.