गोंधळ झाला तर जागेवरच बोला

बीड जिल्ह्यात मास्तरकी करताना दहावी-बारावीच्या परीक्षेला मी अनेक वर्षं पर्यवेक्षक होतो. कॉपीवर सगळेच बोलतात. पण कॉपीच्या गोंधळात ज्याचा पेपर बुडतो, त्या प्रामाणिक पोराची चौकशी कुणी करत नाही.

एका केंद्रावर भूमितीचा पेपर चालू होता. चिठ्ठ्या पुरवणारे मागच्या भिंतीवर चढले, पोलीस धावले, पळापळीत एक दगड खिडकीवर बसला. माझ्या शेजारच्या वर्गातली ही गोष्ट. काचा बाकांवर पसरल्या. खिडकीशेजारच्या मुलीचे आईवडील ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले, ती आजीजवळ राहून शिकत होती. तिला लागलं नाही, पण दुसऱ्या बाकावर बसल्यावरही हात एवढे थरथरत होते की कंपासचं टोक कागदावर ठरेना. रचना अर्धवट राहिली. घंटा झाली, तिनं मुकाट्यानं उत्तरपत्रिका दिली. निकालानंतर आजी चौकशीला आली, तेव्हा त्या दिवसाच्या अहवालात काच फुटल्याची ओळसुद्धा नव्हती. दाद मागायची कशाच्या आधारावर?

म्हणून पोरांनो, काहीही घडलं तर तिथल्या तिथे हात वर करा. पर्यवेक्षकांना सांगा, केंद्रसंचालकांना बोलवायला लावा, किती वाजता घडलं आणि किती वेळ गेला याची नोंद करून घ्या. अवकाळीत पत्र्यातून पाणी गळून उत्तरपत्रिका भिजली, बारकोड खराब झाला, तर पान फाडू नका; आधी दाखवा. 2023पासून शेवटी मिळणारी 10 मिनिटं सगळ्यांनाच असतात, ती तुमच्या बुडालेल्या वेळेची भरपाई नव्हे.

परीक्षा मंडळ ऐकतच नाही, असं मात्र समजू नका. 2020मध्ये टाळेबंदीमुळे दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, तेव्हा इतर विषयांच्या सरासरीवरून गुण दिले. 2022मध्ये शाळा तिथे केंद्र केलं, 70 ते 100 गुणांच्या पेपरला अर्धा तास वाढवला. 2023मध्ये बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात चूक निघाली, त्याचे 6 गुण दिले. प्रश्नाचा नुसता क्रमांक लिहिलेल्यांचाही त्यात विचार झाला. तेव्हा प्रश्न चुकीचा वाटला तरी क्रमांक टाका, कोरं सोडू नका. पण हे निर्णय सगळ्यांसाठी होते. एका वर्गात, एका बाकावर घडलेलं मंडळाला आपोआप कळत नाही.

शिक्षकांनाही सांगतो. ज्या पोराचे आईवडील फडावर आहेत, त्याच्यासाठी अर्ज कोण लिहिणार? पेपर सुटल्यावर त्याला घरी जाऊ देऊ नका. जवळ बसवा, घडलं ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, त्याच दिवशी मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे पाठवा आणि पोच त्याच्या आजीच्या हातात द्या.