चरबीचा निरोप कोण ऐकतं?

हिवाळ्यात रास अल खोरच्या लपणातून रोहित पक्षी बघताना ठाण्याची खाडी आठवली नाही, असा मुंबईकडचा माणूस विरळाच. मान खाली, चोच चिखलात, खाणं चालूच. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना अंगावर चरबी चढवावीच लागते. लांबच्या उड्डाणाचं ते इंधन.

आपणही चरबीकडे कोठार म्हणूनच बघतो. पण हे कोठार बोलतं. रॉकफेलर विद्यापीठातल्या जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये उंदरातलं एक जनुक शोधलं. त्यावरून बनणारं संप्रेरक म्हणजे लेप्टिन. चरबीच्या पेशी ते रक्तात सोडतात. चरबी वाढली की लेप्टिन वाढतं, उपासमार झाली की झपाट्याने उतरतं. मेंदू त्यावरून भूक ठरवतो. पण हा निरोप ऐकणारा मेंदू एकटाच नाही.

१९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी उंदरांना दोन दिवस उपाशी ठेवलं. त्यांच्या टी-पेशींचा, म्हणजे जंतू ओळखून हल्ला चढवणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, जोर ओसरला. मग अन्न न देता नुसतं लेप्टिन टोचलं, तर तो जोर टिकून राहिला! म्हणजे टी-पेशी थाळी बघत नव्हत्या, निरोप ऐकत होत्या.

कारण साधं आहे. जंतू ओळखल्यावर एका टी-पेशीपासून काही दिवसांत हजारो तयार होतात, आणि त्यासाठी साखर ढीगभर लागते. कोठीत शिधा किती आहे हे विचारल्याशिवाय लग्नघरचा आचारी पातेलं चढवत नाही, तसंच हे. काही मुलांमध्ये जन्मतःच लेप्टिन बनत नाही. ती प्रचंड लठ्ठ होतात, तरी त्यांच्या टी-पेशी कमी आणि दुबळ्या असतात. कोठार भरलेलं, पण निरोप्याच नाही. शरीर दुष्काळ समजून चालतं. लेप्टिनची इंजेक्शनं दिल्यावर या पेशी सुधारल्या.

मग चरबी भरपूर आणि निरोपही भरपूर, तर उत्तमच की! तसं होत नाही. पोटात चरबी साचली की तिथे भक्षक पेशी गर्दी करतात, दाह वाढवणारी रसायनं सोडतात. इन्शुलिनचं कुणी ऐकेनासं होतं, साखर चढते, आणि चढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशींचं काम ढिलं पडतं.

इथे पुण्याचा संबंध येतो. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि बाळं अभ्यासली. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. स्नायू बेताचे, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली. ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! स्वतःचंच उदाहरण छापायचा हा मोकळेपणा मला फार आवडतो.

तेव्हा ‘मी काही जाड नाही’ हे आपल्या लोकांचं वाक्य फारसं कामाचं नाही. याची किंमत क्षयरोगात दिसते. अमिरातीच्या व्हिसासाठी तुम्ही छातीचा एक्स-रे काढला असेलच. त्यात आजार दिसतो, पण टी-पेशींच्या पहाऱ्यात झोपलेले जंतू सहसा दिसत नाहीत, आणि भारतात वाढलेल्या अनेकांच्या अंगात ते असतात. मधुमेहात ते जागे होऊन क्षय होण्याचा धोका सुमारे तिप्पट. कुपोषणातही पहारा सैल पडतो. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा दिला, तर त्या घरांत नवा क्षय सुमारे ४० टक्के कमी झाला. हे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. प्रतिकारशक्ती वाढवायच्या महागड्या पुड्यांचं असं काही माझ्या वाचनात नाही.

पुढच्या तपासणीला वजनकाट्यावर थांबू नका. कमरेला टेप लावा: पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० ही आपल्याकडची मर्यादा. आणि एचबीए१सी करून घ्या, विशेषतः घरात कुणाला मधुमेह असेल तर.