प्रौढांच्या वर्गात उमेद कशी टिकेल?

अभ्यासासाठी शास्त्रभाग : योहान ४:५–३०

खेड्यातील मंडळीत प्रौढांचा वर्ग उघडणे कठीण नाही. पाळकसाहेब प्रार्थना करितात, वडील पाट्या वाटतात आणि पहिल्या रात्री उपासनामंदिर भरून जाते. खरी कसोटी पुढे आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यास माणसे गळू लागतात व शिक्षक म्हणतो, "ह्या लोकांस शिकण्याची गोडीच नाही." हे निदान आम्हांस मान्य नाही. जो मनुष्य दिवसभर शेतात राबून रात्री आठ वाजता पाटी घेऊन मुलाच्या वयाच्या शिक्षकासमोर बसला, त्याने आपली गोडी पहिल्याच दिवशी सिद्ध केली आहे. ती पुढे कोठे हरवली, हे शोधणे शिक्षकाचे काम होय. आणि ते त्वरेने केले पाहिजे. एकदा वर्ग सोडून गेलेला प्रौढ दुसऱ्यांदा क्वचितच येतो. आपल्या डोक्यात अक्षर शिरणार नाही, असा तो स्वतःविरुद्ध निकाल देऊन बसतो.

वर दिलेला शास्त्रभाग आपण उपदेशासाठी पुष्कळदा वाचितो. ह्या वेळी तो शिक्षकाच्या दृष्टीने वाचावा. याकोबाच्या विहिरीपाशी प्रभू त्या शोमरोनी स्त्रीला आरंभीच काही शिकवीत नाही. तो तिच्याजवळ पाणी मागतो. जे देण्यास ती समर्थ आहे तेच प्रथम तिच्याकडून घेतो, आणि तिच्या हातातील घागरीवरूनच संभाषण पुढे नेतो. ज्याला सारा गाव "अडाणी" म्हणतो त्याच्याकडे कोणी काही मागितले, की त्याची मान वर होते. म्हणून वर्गाच्या पहिल्या रात्री शिक्षकाने विचारावे : बाजरीस कीड लागली तर तुम्ही काय करिता? जात्यावरची ओवी कोणाला येते? उत्तर मिळेल ते तिथल्या तिथे मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहावे व वाचून दाखवावे. आपले बोलणे कागदावर राहू शकते, हे ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिले, त्याला लेखनाचा उपयोग निराळा सांगावा लागत नाही.

प्रौढाचा मोठा शत्रू मंदबुद्धी नव्हे, लाज होय. मूल चुकले तर हसते व पुन्हा लिहिते. पन्नाशीचा गृहस्थ आपल्या सुनेदेखत चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याचे गुडघे दुखू लागतात. डॉ. फ्रँक लॉबक ह्यांनी हे चांगले ओळखले होते. ज्या अमेरिकन बोर्डाच्या मिशनरींनी १८१३ साली मुंबईस मराठी मिशनचा आरंभ केला, त्याच बोर्डाने पुढे १९१५ साली त्यांना फिलिपाइन बेटांत पाठविले होते. १९३० च्या सुमारास मिंडानाव बेटावरील लानाव प्रांतात मरानाव मुसलमानांमध्ये त्यांनी साक्षरतेचे काम हाती घेतले. त्यांची शिस्त अशी की, शिकणाऱ्याला येणार नाही असा प्रश्न विचारावयाचा नाही, कपाळास आठी घालावयाची नाही, आणि चूक झाली तर बरोबर उत्तर आपणच सौम्यपणे सांगून पुढे जावयाचे. आमच्या कित्येक शिक्षकांना हे लाड वाटतील. ज्यांना तसे वाटते त्यांनी भर सभेत स्वतः एखाद्या अनोळखी लिपीतील चार ओळी वाचून पाहाव्या.

आता धड्याविषयी. बाराखडी पाठ झाल्यावाचून शब्द द्यावयाचा नाही, अशी जुनी रीत आहे. मुलांपुढे वर्षे पडलेली असतात. प्रौढापुढे आजची रात्र आहे. घरी जाताना त्याच्यापाशी वाचता येईल असा एक तरी शब्द असावा. ग, म, भ, न ह्या अक्षरांच्या वळणांत साम्य आहे, म्हणून ती एकामागून एक शिकविण्याचा प्रघात आपल्याकडे पुष्कळांस ठाऊक आहे. त्यांत त हे अक्षर व काना एवढी भर घातली की मामा, नाना, भात, नाग, मान इतके शब्द हाती येतात. पाच अक्षरांत घरचा भात वाचता येतो! त्यानंतर ज्याचे त्याचे नाव लिहिण्यास द्यावे, मग क्रमाने ते अक्षर आलेले असो वा नसो.

पुढील पाठ कोणत्या वस्तूंवर घ्यावयाचे हे शिकणाऱ्यांनाच विचारावे. कोणास एस. टी. वरील पाटी वाचावयाची असते, कोणास बचत गटाच्या पुस्तकात आपली रक्कम नीट मांडली आहे की नाही हे पाहावयाचे असते. एखाद्या विधवेने न वाचता ज्या कागदावर अंगठा उठविला त्यानेच तिची जमीन गेलेली असते; तिला 'कमळ' आणि 'बदक' ह्यांत काय गोडी वाटावी? तिच्यापुढे सात-बाराचा उतारा ठेवावा.

मंडळीत आणखी एक साधन सहज उपलब्ध आहे. रेव्हरंड टिळकांची भजने कित्येक निरक्षर भावंडांस तोंडपाठ असतात. परिचित भजन मोठ्या टाइपात पुढे ठेवले म्हणजे शब्द ओळखण्यास सोपे जाते. मात्र येथे फसगत होऊ शकते. बोट ओळीवरून फिरते, तोंड म्हणत असते आणि डोळे काहीच वाचीत नसतात. म्हणून मधलाच एखादा शब्द दाखवून विचारावा. न आल्यास हसून पुन्हा म्हणावे, पण पाठांतरालाच वाचन समजून समाधान मानू नये.

कधी कधी उमेद अक्षरांबाहेरच्या एखाद्या गोष्टीने येते. १९९१ च्या सुमारास तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरतेच्या मोहिमेबरोबर स्त्रियांस सायकल चालविण्यास शिकविले गेले. अक्षरांशी सायकलीचा काय संबंध, असे कोणी विचारील. पण शेतांत व दगडांच्या खाणींत राबणाऱ्या हजारो स्त्रिया सायकलीवर बसल्या, आणि आपल्याला नवे काही शिकता येते हा भरवसा त्यांना आला. आपल्याकडे ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर ह्यांनी 'आजीबाईंची शाळा' सुरू केली. साठीच्या पुढील आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाठीस दप्तर लावून शाळेस निघाल्या. वर्गाची वेळ दुपारची, म्हणजे घरचे काम आटोपल्यानंतरची ठेविली. त्या गणवेषास कोणी केवळ हौस म्हणेल. आमच्या मते त्यात मोठे शहाणपण आहे. सगळ्याच जणी एका रंगात निघाल्या म्हणजे एकटीने लाजण्याचे कारण उरत नाही.

परंतु सर्वांत बलवान उपाय लानावात, पैसे संपले तेव्हा हाती आला. अमेरिकेत मंदी आली, मदत आटली, पगारी शिक्षक ठेवणे अशक्य झाले. तेव्हा तेथील एका सरदाराने फर्मावले की, जो शिकला त्याने दुसऱ्यास शिकविलेच पाहिजे. न शिकविणाऱ्यास ठार मारण्याची धमकीही त्याने दिली, अशी हकीकत डॉ. लॉबक सांगत, ती आपल्या मंडळीच्या नियमांत बसणारी नाही! पण तत्त्व खरे ठरले, व १९३५ साली ते हिंदुस्थानात आले तेव्हा हाच बोध घेऊन आले. ज्याला काल आलेले अक्षर आज शेजाऱ्यास दाखवावयाचे आहे, तो वर्ग चुकवीत नाही. शोमरोनी स्त्रीनेही आपले शिक्षण पूर्ण होण्याची वाट पाहिली नाही. घागर तेथेच ठेवून ती गावात गेली.

घरच्या घरीही हे घडते. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर पतीने त्यांना लिहावयास-वाचावयास शिकविले. त्याच लक्ष्मीबाईंनी टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पूर्ण केले व 'स्मृतिचित्रे' लिहिली. आमच्या मंडळ्यांतील शिकलेले किती पती आपल्या पत्नीसाठी रोज अर्धा तास बाजूस काढितात, हे ज्याचे त्याने पाहावे.

वर्ग संपल्यानंतरची काळजी फार थोडे लोक घेतात. साताऱ्यात १९५९ साली सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढे महाराष्ट्रभर पसरली, तिला १९७२ साली युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. तरी वाचनास काही न मिळाल्याने शिकलेले पुष्कळ जण पुन्हा विसरले. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांविषयी तर हे भय फारच आहे. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात त्या उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. त्यांची नावे हजेरीतून काढू नयेत. निघण्यापूर्वी प्रत्येकास मोबाइलवर मराठीत एक शब्द लिहिता यावा एवढे साधावे. कारखान्याच्या तळावरून त्याने "पोहोचलो" इतकेच लिहून पाठविले, तर वर्गातील कोणीतरी त्याच रात्री त्यास उत्तर लिहावे. दोन ओळींचे आणि जोडाक्षरांवाचून.